जिन्यातली अरेका

एकतीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली रंग तपासले.
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, तपासणीच्या टेबलावर
तावामागून ताव उलटताना
हिरव्यात केसभर पिवळा सांडला
की बोट आधी थांबायचं, डोळे मागून.

रिटायर झाले तेव्हा सेक्शनमधल्या पोरींनी
वर्गणी काढून अरेका पामची जोडी दिली,
एकाच ट्रेमधली, एकाच उंचीची, लाल रिबिनीसकट.

एक गच्चीवर ठेवली, पाण्याच्या टाकीशेजारी.
दुसरी जिन्यात, वळणावर,
जिथे जाळीतून दुपारी चारला
वहीच्या पानाएवढा उजेड येतो
अन् वीस मिनिटांत निघून जातो.

दोन वर्षांत त्या बहिणी वाटेनात.
गच्चीवरचीचे देठ हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे,
पानं अरुंद, ताठ, पिवळट पोपटी.
जिन्यातली गर्द,
इतकी गर्द की संध्याकाळी काळीच दिसायची.
तिची पानं रुंद, लांब, कठड्यावर वाकलेली,
येणाऱ्याजाणाऱ्याचा दंड चाचपणारी.

गच्चीवरचीला मी आजारी ठरवलं.
शेणखत घातलं, एप्सम सॉल्ट घातलं,
ती आपली पिवळीच.
आणि जिन्यातलीची मला दया आली.
एप्रिलातल्या एका रविवारी
गायधनींच्या विराजला हाताशी धरून तिला वर नेली.
घे बाई, म्हटलं, पोटभर ऊन घे.
हे मी नक्की कुणाला म्हणत होते ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके चट्टे.
आठवड्यात ते तपकिरी,
इस्त्री विसरलेल्या साडीसारखे.

मखमलाबादच्या नर्सरीतले काठे स्कूटरवरून आले.
गच्चीच्या दारात चपला काढल्या,
जणू आत कुणी झोपलंय.
पान उलटं करून पाहिलं.
"हे पान सावलीत शिवलेलं, बाई. उन्हाचं माप घेतलंच नव्हतं.
आता हे परत हिरवं व्हायचं नाही.
पण कापू नका. अर्धं जळलंय, अर्धं अजून रांधतंय."
मग मधल्या मिटलेल्या सुरळीला बोट न लावता म्हणाले,
"ही अजून कुणाची नाही.
उघडेल तिथल्या उजेडाची होईल.
शेडनेट बांधा. महिनाभर फक्त सकाळचं ऊन.
मग थोडं, मग थोडं."
बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.
"बोअरचं. टोकं करपतात ती यानंच.
नळाचं द्या, रात्रभर उघडं ठेवून."

आणि ही दुसरी? ही पिवळी?
काठे तिच्याकडे बघून हसले.
"हिला काय झालंय? ही उन्हात राहते."

मला त्यावर बोलता आलं नाही.
चष्मा पुसला, चहा टाकला.
माझ्या टेबलावरून असे किती ताव
लाल पेन्सिलीनं बाजूला गेले असतील, हे मनात आलं,
पण नोटेचं वेगळं. नोट सगळीकडे सारखीच लागते.

जुलैत, ढगाळ आठवड्यात, सुरळी सुटली.
नवं पान आखूड, फिकट, कोपऱ्यात जरा चुरगळलेलं.
एकाच झाडावर आता गर्द हिरवं, जळकं तपकिरी
आणि हा पोपटी, ज्याला मी आधी दोष म्हटलं असतं.
मी तो रोज सकाळी बघते,
तपासत नाही, म्हणजे तपासते,
पण पेन्सिल खाली राहते.
माझ्या मनगटावरही घड्याळाखालची कातडी
अजून प्रेसमधलीच आहे, बाकी हात गच्चीचा झालाय.

जिन्यात तिच्या जागी फरशीवर कुंडीचा गोल डाग उरलाय.
विराजनं तिथे सायकलचा पंप ठेवलाय.
पिशवी घेऊन वर चढताना
त्या वळणावर मी अजूनही खांदा आत घेते,
पानांना लागू नये म्हणून.