पहिला घोट

आवडीच्या विषयाचे फॉर्म मीच गोळा करतो,
या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं.
यंदा एकोणीस जणांनी रोबो लिहिला,
आठांनी विमान,
एकाने नुसतंच : काहीही चालेल.
जांदिरा फ्रेइतासने लिहिलं :
सकाळी गाडी चालू का होत नाही.

रकान्यात मावेना,
अक्षरं खालच्या ओळीत उतरलेली.

बाप पिरासिकाबाकडे ऊस तोडायचा.
कोयता, राख, पाठदुखी, यातलं ती काही बोलत नाही.
बोलते त्याच्या जुन्या गाडीबद्दल,
उसाच्या अल्कोहोलवर पळणाऱ्या.
बॉनेटखाली तिला एक चिमुकली टाकी, पेट्रोलची.
थंडीत पहिला घोट त्यातला,
मग दिवसभर ऊस.
"म्हणजे रोज उसनवारीनं जागं व्हायचं,"
ती म्हणते
आणि इंजेक्टरभोवती तापतार गुंडाळते.

पहिल्यांदा फ्यूज उडाला.
नंतर माझी कॉफीची शेगडी नाहीशी झाली;
मी विचारलं नाही.

काल पहाटे कुरितिबात दोन अंश.
गवत पांढरं, कुलूप हाताला चिकटणारं.
किल्ली.
खाकरलं, गप्प.
किल्ली.
मग इंजिन असं लागलं
की बाकावरचे पाने वाजू लागले.
टाकी? कोरडी होती, मीच उघडून पाहिली.

मी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.
ती फोन धुराड्याशी धरून उभी,
पलीकडे कोणीतरी
बराच वेळ
नुसतं ऐकत होतं.

फॉर्म अजून माझ्या खणात आहे.
कार्यालय म्हणतं, विषय नीट भरून पाठवा.