दातातला चौकोन

सातमजली बाई आहे ती.
दर चाळीस सेकंदांनी हसते,
आणि मंगळवारपासून
तिच्या वरच्या ओळीत, डावीकडे,
एक काळा चौकोन.

टूथपेस्टची जाहिरात, त्यात हे.
टोरांटोचा चौक, उणे एकोणीस,
माणसं कॉलरीत तोंड खुपसून चाललेली,
तरी थांबतात, वर बघतात,
अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून दाखवतात.
दुधाचा दात पडलेलं एक पोरगं
तिला उलट हसून दाखवतं.

हॉटडॉगच्या गाडीवरची त्सेरिंग म्हणते,
"आत्ता कुठं आपल्यातली वाटते."
म्हणताना तोंडावर हात धरते.
सवय जुनी.

आज रात्री रोडेलिओ मागच्या शिडीनं वर चढला.
पडद्याच्या पाठीला उजेड नसतो.
वायरी, पंख्यांची घरघर,
आणि ऊब.
कबुतरं तिथं अंग फुगवून बसलेली,
भाडं भरल्यासारखी.
त्यानं त्यांना उठवलं नाही.
वाकून, अंग चोरून,
पाटाएवढा तुकडा उपसला, नवा बसवला,
चार स्क्रू. कागदावर सही.
वेळ दोन वाजून दहा.

खाली येऊन कॉफी मागितली.
दोघांनी मान वर केली.
ती हसली,
बत्तीसच्या बत्तीस.
चौकात कुणी थांबलं नाही.

"झालं?"
"झालं."

त्सेरिंगनं सॉसची बाटली
जरा जोरातच ठेवली.
कॉफीचे पैसे घेतले नाहीत.
मग त्या पांढऱ्याफेक उजेडात,
हात खिशात ठेवून,
त्याच्याकडे बघून हसली.

वरची ओळ. डावीकडे.