दोन सेंटीमीटर

मी शिरोलीत ओतकाम तपासतो, सव्वीस वर्षं झाली.
हातोडीची टिचकी मारली की सांगतो
कुठं पोकळ आहे ते.
चांगला नग लांब वाजत राहतो,
चिरलेला लगेच गप्प होतो.
केतकीचा गुडघा दुखायला लागला तेव्हा
म्हटलं, खेळून दुखत असंल.
तीन आठवडे तेल लावलं.

मांडीचं हाड काढून सळी बसवली.
सळीला नंबर होता,
आमच्या मालावर हीट नंबर असतो तसा.
मी तो वहीत उतरून घेतला, सवयीनं.
केमोच्या सहा फेऱ्या.
गंगावेशीतलं धारोष्ण दूध बंद,
पेशी उतरल्यात म्हणून.
मग केस परत आले, आधी सरळ होते, आता कुरळे.
आम्ही गल्लीभर पेढे वाटले.
वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत.

चौदा महिन्यांनी फुप्फुसात दोन ठिपके.

फिल्म मी खिडकीच्या उजेडाला धरली.
असले ठिपके रोज बघतो मी;
कारखान्यात त्यांना ब्लोहोल म्हणतात,
धातूत अडकलेली हवा.
इथं उलटं होतं.
हवेत अडकलेलं हाड.
डॉक्टर म्हणाले, हा फुप्फुसात गेला तरी
हाडच बनवत बसतो,
त्याला दुसरं काही येतच नाही.

मी विचारलं, किती.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
सगळे ठिपके निघाले, तर
शंभरातली वीस-पंचवीस पोरं
पाच वर्षांनी या खुर्चीत येऊन बसतात.
आमच्याकडं शंभरात तीन नग नापास झाले
तर मॅनेजर दुपारचा डबा उघडत नाही.
नापास नगावर मी खडूनं फुली मारतो,
तो भट्टीत जातो, वितळतो, नवा होऊन येतो.
परतताना किणी नाक्यावर गाडी थांबली होती,
तेव्हा हे डोक्यात आलं,
आणि मी काच खाली केली.

सर्जननं फासळ्या उघडून फुप्फुस बोटांनी चाचपलं.
फिल्मवर दोन होते, बोटांना चार सापडले.
चारी काढले.
तो माणूस मला आमच्या धंद्यातला वाटला.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात उठली.
"मी चालतो की आता, सोडा हात."
नर्स हसली, मुलगी ना तू, चालतो काय?
"कोल्हापूरची हाय," केतकी म्हणाली,
आणि खोकला आला म्हणून टाक्यांवर उशी दाबून धरली.

आता गोळ्या.
गोळ्यांनी तळहात सोलतात तिचे,
माझ्यासारखे. माझे भट्टीपाशी कमावलेले.
रात्री आम्ही दोघं पंजे पुढं धरून
खोबरेल लावत बसतो,
तोवर टीव्हीचा रिमोट कुणालाच उचलता येत नाही.
तिची आई आतून भांडी आपटते.
दर तीन महिन्यांनी स्कॅन,
आदल्या आठवड्यात भांडी जास्त वाजतात.
परवा गुरुवारी आहे.

काल चप्पल लाईनला गेलो.
डावा पाय आखूड झालाय.
सातपुतेमामांनी तो मांडीवर घेतला,
कशानं, असं विचारलं नाही.
विचारलं, किती.
दोन सेंटीमीटर.
डाव्या तळाला कातड्याचे जादा थर चढवले,
शिवले, ठोकले, तेल पाजलं.
ती दुकानभर फिरून आली.
करकर दोन तऱ्हेची येत होती,
उजवीची पातळ, डावीची दमदार.
मी मान खाली घालून ऐकत होतो.

"तीन वर्षं हिला काय होत नाही,"
मामा चप्पल थोपटत म्हणाले,
"आणि झिजलीच तर घेऊन या, टाच बदलून देतो."

मी जुन्या चपलांची पिशवी उचलली
आणि रस्त्यावर आलो, बराच पुढं.
मागनं करकर आली, घाईची, एकाआड एक.
"पप्पा," ती म्हणाली, "पैसे द्यायचे राहिले."