फुंदी

जूनमध्ये याच ओट्यावर मी त्यांची सायकल उकलली होती.
पेडलं, हँडल, पुढचं चाक, सगळं जुन्या चादरीत, मग खोक्यात.
आणि त्याआधी बाईंकडून तीनदा जोडून घेतली होती.
डाव्या पेडलचा आटा उलटा असतो,
तिकडे कुणी सांगायला येणार नाही, म्हणालो.

टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, वय बासष्ट,
टांझानियात सायकलवर, तंबू टाकत टाकत.
नागझरीच्या काठाला ही बातमी चार दिवस पुरली.
भाऊ म्हणाला होता,
विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते तरी सांगून जा.

आता परत आल्यात. काळवंडल्यात, बारीक झाल्यात.
डेक्कनवरून इथवर मात्र सायकल हाताने ढकलत आणली.
हत्ती बाजूला तरी होतो, म्हणाल्या.

मी चाक काढतो, त्या फोटो दाखवतात.
ही झेब्र्यांची वाट, ही आमची,
मध्ये एवढंच गवत.
हा एलिबारिकी, आमचा वाटाड्या.
सगळ्यांच्या मागून चालवायचा,
चढावर कुणी उतरलं की तोही उतरायचा
आणि उगाच आपल्या ब्रेककडे बघत राहायचा.
रात्री तंबूबाहेर काही खोकलं
तर आतूनच सांगायचा, तरस आहे, झोपा.

मी हो हो म्हणतो.
माझी बोटं हबात.
लाल माती निघते,
रॉकेलला दाद न देणारी.
टायरमध्ये काटा, बाभळीचा,
अगदी आपल्या टेकडीवरचा वाटावा असा.

मग तो स्पोक दिसतो.

छत्तीसातले पस्तीस माझे. एक नाही.
जाड, दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलचा असावा,
डोकं छाटलेलं,
आणि टोकाला आकडा वळवून
फ्रीव्हील न काढताच हबात अडकवलेला.
ही आमच्या लतीफ वस्तादांची युक्ती.
पोरांना पाठ करून बसायला लावायचे ते ही करताना.
मला वाटायचं, या पेठेबाहेर ती कुणाला ठाऊक नाही.

हा कुणी घातला?

अहो, एका गावात. आंब्याखाली बसला होता.
मिस्त्रीला फुंदी म्हणतात तिकडे.
चहाला चायच म्हणतात, गाडीला गारी,
तेवढ्यावर आमचं निम्मं बोलणं झालं.
पक्कड एकच, तिचीही एक मूठ तुटलेली.
चाक गुडघ्यांत धरलं आणि दहा मिनिटांत...
पैसे दिले तर मोजले, अर्धे परत केले.
गावाचं नाव लिहून घ्यायला हवं होतं.

डावखुरा होता का?

बोट फोटोवर थांबलं. मागे सिंहीण तशीच जांभई देत राहिली.
हो.
तुम्हाला कसं कळलं, दस्तगीर?

आकडा उलटा वळलाय, म्हणालो,
आणि मान खाली घातली.
उगाच ब्रेककडे बघत राहिलो.

चाक स्टँडला लावून बोटाने तारा छेडल्या.
पस्तीस एका सुरात,
तो एक खाली, घसा बसल्यासारखा.
पण चाक सरळ फिरत होतं. केसभरही डुलत नव्हतं.
बाई म्हणाल्या, बदलायचा असेल तर बदला.
तसा नियमाने बदलायलाच हवा.
माझ्या डब्यात नवे शंभर पडलेत, मापाचे, चकचकीत.

राहू दे, म्हणालो. तुटला तर बघू.
बिलात ऑइलिंग लावलं, ब्रेकचे रबर लावले.

दुसऱ्या दिवशी एका पोराचा स्पोक तुटला, मागचाच.
वेळ होता, गिऱ्हाईक नव्हतं.
पोराला म्हणालो, जरा पाठ कर.
पक्कड डाव्या हातात धरून आकडा वळवला.

वाकडा आला.
दुसराही.