चिरेच्या टोकाला

डावी बाजू भद्रकालीत सापडली.
इक्रामभाईच्या दुकानात, कुलरच्या जाळ्यांखाली,
गीझरच्या दोन टाक्या अंगावर घेऊन पडलेली.
"टबचा तुकडा आहे. शंभर द्या, घेऊन जा."
मी आतून हात फिरवला,
हेडलाइटच्या गोलाची कड लागली बोटांना.
शंभराचे ऐंशी केले.
घासाघीस केली नसती तर त्याला संशय आला असता.

उजवी बाजू दोन वर्षं मिळाली नाही.
मालेगाव झालं, सिन्नर झालं,
आडगाव नाक्यावरचे गॅरेजवाले
"आले फेअरिंगवाले" म्हणू लागले.
आरडी तशीच उभी, उघड्या छातीनं, जुन्या चादरीखाली.
मग एकदा मोहाडीहून साखरपुडा जेवून येताना
द्राक्षबागेच्या कडेला, पंपाच्या स्टार्टरवर
पालथं घातलेलं काहीतरी काळं.
मी भाच्याला म्हणालो, थांबव.
"उलटी होतेय का, मामा?"

पुंजाजी गायखे. बाग त्यांची, स्टार्टर त्यांचा.
पैसे नको म्हणाले.
"हे नेलं तर स्टार्टर भिजेल, त्याचं काय ते बघा."
आठ दिवसांनी पत्र्याचं झाकण घेऊन गेलो,
चारी कडा दुमडलेल्या, कोपऱ्यांत रिवेट.
त्यांनी बादलीभर पाणी ओतून पाहिलं,
आत हात घालून पाहिलं,
आणि वर दोन किलो थॉमसन बांधून दिली,
जणू त्यांनीच मला फसवलं होतं.

ओझरला एकतीस वर्षं मी विमानांची कातडी सांधली.
पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं:
चीर आधी भरायची नाही.
आधी तिचं टोक शोधायचं, भिंग लावून,
आणि टोकाच्या केसभर पुढं
एक बारीक गोल भोक पाडायचं.
टोक आहे तोवर ती चालत राहते.
गोलात पोचली की तिला पुढची दिशा सापडत नाही.

अंबडला दामू सोनकांबळे
लग्नाच्या स्टेजसाठी फायबरचे घोडे करतो.
त्या दिवशीच्या घोड्याला अजून कान नव्हते.
"काका, हे काही तुमचं ॲल्युमिनियम नाही,"
म्हणाला, पण ड्रिल दिलं.
अकरा चिरा, अकरा भोकं.
मग आतून मॅट, रेझिन,
हार्डनर थेंब मोजून, कारण एप्रिल होता,
चहा येईपर्यंत डबा दगड व्हायचा.
रात्री अंगाला काचेची खाज,
आणि घरात मला कुणी टॉवेल शिवू देईना.

घासताना काळ्याखाली लाल निघाला,
लालखाली निळा,
आणि निळ्यावर, खालच्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरं:
गोविंद पेंटर, दूधबाजार, ८६.
तिथं कागद थांबवला.

दूधबाजारात आता त्यांचा मुलगा फ्लेक्स छापतो.
म्हातारा मागच्या खोलीत, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
त्यांनी अंगठा फिरवला डावीवर, मग उजवीवर.
"निळा माझा. ही दुसरी कुणाची तरी.
पोरगा होता एक, अर्धे देऊन गाडी घेऊन गेला.
उरलेले यायचेत अजून."
किती, मी विचारलं.
"पस्तीस."
मी पस्तीस मोजून दिले.
त्यांनी ते उशाखाली ठेवले आणि विचारलं,
"गाडी पळते ना?"

दोन साच्यांच्या दोन बाजू.
जोडल्या तर नाकाशी चार मिलिमीटर फट राहिली.
दामू म्हणाला, भरून देतो, कळणारसुद्धा नाही.
राहू दे म्हणालो.
त्र्यंबक रोडला, सातपूर मागं पडलं
आणि काटा साठच्या वर गेला
की ती फट शीळ घालते.
साठला एक सूर, सत्तरला जरा वरचा.
ऐंशीचा कसा आहे
मला अजून माहीत नाही.