नळीवरची चिठ्ठी

साडेनऊला बर्फाचा डबा येतो,
रात्रभर एस.टी.त कुणाच्या तरी पायाशी बसून आलेला.
मी स्वेटरवर एप्रन, एप्रनवर आणखी एक एप्रन घालते,
बाह्यांची टोकं चिकटपट्टीने बंद करते
आणि गार पाटीवर ओतते दोडामार्गचं रान:
पाचोळ्याचा भुगा, चुकून आलेला काजूचा मोहोर,
गोचिडी.

काही तिळाएवढ्या, काही खसखशीएवढ्या,
ज्यांना अजून सहाच पाय फुटलेत.
ब्रशच्या केसाने एकेक उलटी करायची. पन्नासांची एक नळी.
माझी आई भवानी पेठेत भुसार मालाच्या गाळ्यावर तीळ निवडायची,
खडे एकीकडे.
माझ्याकडे खडे कुठले ते नळी बंद झाल्यावर कळतं,
आठवड्याने, दुसऱ्या मजल्यावर.

सात वर्षं बुधाजी गवस या माणसाला
मी फक्त अक्षरावरून ओळखते.
त्याच्या 'ळ'ची शेपूट खालच्या ओळीत लोंबते.
तो लिहितो: केलडो, एक. फणसवाडीच्या वयल्या अंगाक. पडान दोन दिस.
मी रजिस्टरात उतरवते: माकड, एक, मृत.
मेलेला केलडो रजिस्टरात येता येता
आणखी थोडा मरतो.

एकदा चिठ्ठीमागे, पेन्सिलीने:
"बाई, अंग गार झालां की ही खाली उतारतत.
आमी पोचासर जमीनच चावता."
या वाक्याला रजिस्टरात रकाना नव्हता.
चिठ्ठी मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली, नियम मोडून.

त्या आठवड्यात घोरपडीत आमच्या सोसायटीच्या भिंतीवर
कुठूनसं एक माकड आलं.
पोरं बिस्किटं देत होती, सगळे त्याचं तोंड बघत होते.
मी कानामागे बघत होते.
स्वच्छ होतं.
तरी रेणूला दंडाला धरून मागे ओढलं,
ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

साहेब नव्या मुलांना शिकवतात:
माकड, उंदीर, गोचीड, पुन्हा माकड, हे चाक रानात फिरतच असतं.
माणूस म्हणजे या विषाणूला बंद बोळ,
आत शिरला की पुढे वाट नाही.
मुलं लिहून घेतात.
मी शुक्रवार पेठेत वाढले.
बंद बोळातही माणसं राहतात.

फेब्रुवारीत डबा आला तो दुसऱ्याच अक्षरात.
बॉलपेन, सरळ ओळी. केलडो नाही, 'माकड'.
विचारणार कुणाला?
भिंतीवर नंबर आहे, पण तो कचेरीचा,
आणि मी त्यांना काय म्हणणार, तुमचा 'ळ' कुठे गेला?

चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावर रक्ताच्या नळ्या आल्या.
त्यांना नावं नसतात.
पु., ५१, फणसवाडी, तापाचा सहावा दिवस.
मी हातातला ब्रश ठेवला.
फणसवाडीत एक्कावन्न वर्षांचे पुरुष किती असतील?
काजूच्या बागांतून, नदीच्या काठाने
मी न पाहिलेल्या गावाची डोकी मोजत गेले,
मोजणं हेच येतं मला.
स्टेशनवरून कुठल्याशा गाडीच्या उशिराची घोषणा ऐकू येत होती,
किती तास ते वाऱ्याने नेलं.

निकालाचा कागद माझ्यासमोरून पालथा गेला.
पालथाच जायला हवा, तसा नियम आहे.

आज मार्चची बारा. डब्यात तीन नळ्या.
तेच बॉलपेन, त्याच सरळ ओळी,
पण 'गोळा करणार' पुढे सही नाही,
आणि त्या 'गोळा'तल्या 'ळ'ची शेपूट
खालच्या ओळीत गेलेली.
मुलगा असेल. कुणी शिकवलं असेल.
हात थरथरतो म्हणून कुणी सांगून लिहवून घेतलं असेल
आणि एवढं एक अक्षर स्वतः...

चिठ्ठी दिव्याखाली धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.
पाटीखालचा बर्फ वितळला होता.
खसखशीचा एक दाणा जागा झाला, थांबला,
आणि माझ्या बोटाच्या उबेकडे
चालू लागला.