ताशी चारशे

पवईला, सहाव्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत
मी एक टेम्पो विकायचो.
टेम्पो नव्हताच. त्याचा फोटो होता,
लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात चहाचा डाग.
समोर रोज नवं गिऱ्हाईक:
कधी एमबीएचा पोरगा, कधी कांजूरच्या ट्रान्सपोर्टातला मुकादम,
आणि आरशामागे केंकरे मॅडम, वही उघडून.

मॅडमचं संशोधन फसवणुकीवर.
सौद्यात माणूस कुठं घसरतो, किती घसरतो,
आणि घसरल्यावर स्वतःची समजूत कशी काढतो.
मी नाटकवाला. स्पर्धेत उत्तेजनार्थ, दोनदा.
त्यांना असा चेहरा हवा होता
ज्यावर चटकन विश्वास बसेल
आणि जो नंतर आठवणार नाही.
हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं.
खरं बोलायची त्यांना सवय होती.

संहिता तीन.
पहिलीत गिऱ्हाईक विचारतं, गिअरबॉक्स कसाय?
मी म्हणायचं, एकदम फर्स्ट क्लास.
हे सरळ खोटं. मला सगळ्यात सोपं.
दुसरीत म्हणायचं,
साहेब, दोन वर्षांत एकदाही वाटेत दगा दिला नाही.
हे अक्षरशः खरं.
दोन वर्षं तो वडाळ्याला पुलाखाली उभाच होता.
तिसरीत काहीच म्हणायचं नाही.
कप पुढे सरकवायचा.
घ्या, निवतोय.

मग मॅडम आत यायच्या, सगळं उघड करायच्या,
सही, पाकिटात दोनशे रुपये, राजगिऱ्याचा लाडू.
माणसं हसायची. काही जण नुसतेच लाडवाकडे बघत बसायचे.
मॅडम म्हणायच्या, गंमत अशी,
की दुसरीतला विकणारा रात्री शांत झोपतो
आणि फसलेला माणूस
त्यालाच सगळ्यात उशिरा माफ करतो.

एकदा शिरगोपीकर म्हणून आले, गोदीतून निवृत्त,
पेट्या मोजण्यात हयात गेलेली.
दुसरी संहिता. पंचाण्णव हजारांवर हात मिळवला.
उघड केल्यावर म्हणाले, ते कळलंच होतं हो मला.
उभी राहिलेली गाडी एका अंगाला बसते.
फोटोत मागचा टायर बघा ना.
मग घेतलीत कशाला?
ते माझ्याकडे बघून म्हणाले,
याचा हात कापत होता. म्हटलं, नड असेल पोराला.

मॅडमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
त्यांनी समासात काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

मार्चअखेरीला प्रिंटरपाशी एक कागद सापडला.
अनुदानाचा हिशेब. त्यात मी होतो:
अभिनय-साहाय्यक, ताशी सहाशे पन्नास.
पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या,
ताशी चारशे. आजवर यापेक्षा जास्त कुणालाही दिलेले नाहीत.
खरंच होतं ते.
माझ्याआधी कुणी नव्हतंच.

आणि मीही म्हणालो होतो,
कालच गोरेगावहून मालिकेवाल्यांचा फोन आला होता, बघा.
आला होता.
नाही म्हणायला.

वरचे अडीचशे कुठं गेले, माहीत नाही.
लाडवांत गेले असतील.
विचारलं असतं तर मॅडमनी खरं तेच सांगितलं असतं,
आणि मला त्याचीच भीती वाटली.

कागद पालथा घातला तेवढ्यात त्या आल्या.
काही अडचण?
टेबलावर दोन चहा येऊन पडले होते.
मी एक पुढे सरकवला.
घ्या, निवतोय.

त्यांनी कपाकडे पाहिलं,
नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ,
मग आरशाकडे.
आरशामागे त्या वेळी कुणीच नव्हतं.